येसूबाईंचा शर्तभंग

रत्नागिरीच्या मामलेदार कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहिणारे गंगाराम हे निवृत्त कारकून. अक्षर छापल्यासारखं, आणि खोड एकच. अर्जात एखादा जड शब्द आला, की त्याचं गाव-घराणं सांगितल्याशिवाय पेन पुढे सरकत नसे. त्यात पक्षकाराची एसटी चुकली तरी गंगारामांची काही हरकत नसे.

चौऱ्याऐंशीच्या जुलैत येसूबाई नोटीस घेऊन त्यांच्यासमोर बसल्या. नोटिशीत ‘शर्तभंग’ असा शब्द होता आणि त्यापायी सरकारने त्यांच्या मयत नवऱ्याला दिलेली वीस गुंठे भातजमीन परत जायची पाळी आली होती. दुसरी जमीन त्यांना नव्हती.

“मी काय चोरी केलीय काय हो, गंगारामभाऊ?”

चोरी नव्हे, म्हणत गंगाराम खुलले. शर्त अरबी, दर्यापलीकडून आलेली. भंग आपला, संस्कृतातला. दोघांचं लग्न लागलं ते कचेरीत. अर्थ एवढाच, की जी अट कबूल करून जमीन घेतली ती मोडली. येसूबाईंनी सगळं निवांत ऐकून घेतलं आणि विचारलं, मग माझी अट कुठली?

आता गंगारामांना कागदच वाचावा लागला. जमीन स्वतः कसावी, दुसऱ्याला देऊ नये, अशी अट होती. आणि चौकशीला आलेल्या नव्या तलाठ्याला बाईंनी सरळ सांगितलं होतं, की नांगर शेजारचा भागोजी धरतो, सुगीला मी त्याच्याकडे भात पोचवते. त्याने लिहून टाकलं, जमीन भागोजी वाट्याने करतो.

गंगारामांनी दीड पान उत्तर लिहिलं. त्यातलं एक पान नुसतं अरबी-संस्कृतावर.

सुनावणीला मामलेदारांनी चार ओळी वाचल्या, चष्मा काढला आणि बाईंनाच विचारलं, शेत कोण करतं? गंगाराम मागे उभे राहून घाम पुसत होते. बाई पुन्हा तेच बोलल्या तर जमीन गेली, हे त्यांना कळत होतं.

बाई पुन्हा तेच बोलल्या.

“नांगर भागोजी धरतो, साहेब. माझ्याकडे बैल नाहीत. त्याच्या बदली मी त्याच्याकडे चार दीस लावणी करते. त्याने माझी जमीन कसली म्हणता, तर त्याची मी कसली. मग ती माझ्या नावावर करा.”

मामलेदारांशेजारचा कारकून हसला. मामलेदार हसले नाहीत. भात कशाचं देता, त्यांनी विचारलं.

“ते बैलांचं, त्यांच्या राबण्याचं. भागोजीला कशाला देऊ? त्याचं घर भरलेलं आहे.”

मामलेदारांनी तिथल्या तिथे मजकूर सांगितला: शेजाऱ्यांची अदलाबदलीची मदत दिसते, जमीन वाट्याने दिलेली नाही, सबब शर्तभंग शाबीत होत नाही.

बाहेर आल्यावर गंगारामांनी चहा मागवायला हात वर केला. येसूबाई थांबल्या नाहीत. भागोजीकडची लावणी अर्धी राहिली होती आणि त्या फक्त दुपारपर्यंतची सवड सांगून आल्या होत्या.