घामावाटे पाणी उतरतं

हे मी कुणाला बोललेली नाही. शेजारच्या रखमाला नाही, देवाला तर नाहीच — देवापुढे नुसते हात जोडते आणि गप्प राहते. तुम्ही परके, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं. मध्येच थांबले तर थांबू द्या. हल्ली चार शब्द बोलले की धाप लागते.

कुठून सांगू? जिभेपासूनच सांगते. माझी जीभ मुळातच चुरूचुरू चालणारी. समुद्रापलीकडच्या या बेटावर, मोका गावाजवळच्या उसाच्या मळ्यावर आम्ही आलो, तेव्हा बाकीच्या बायका नुसत्या माना हलवायच्या. मला मात्र मदामच्या, म्हणजे मालकिणीच्या, स्वयंपाकघरात काम मिळालं आणि बघता बघता मी इथली क्रेओल बोली फडाफडा बोलायला लागले. माझ्या माणसाला नमस्काराच्या "बोंझूर"पुढे काही आलं नाही. हसायचे. म्हणायचे, "चंद्रे, तू आहेस ना, मग मी कशाला जीभ वाकडी करू?"

माझा माणूस — पण लग्नाचा नव्हे. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी गावाकडची विधवा. आमच्या घराण्यात पाट लावत नाहीत. पांढरं कपाळ घेऊन दिराच्या दारात राबायचं आणि तिथेच मरायचं. मी पळाले. मुंबईच्या मजूरभरतीच्या डेपोत, जहाजात चढायच्या आधी, हे भेटले आणि आम्ही नवराबायको म्हणून नावं सांगितली. या बेटावर कुणी काही विचारलं नाही. कुंकू लावून मिरवले मी इथे! पण परत गेले असते तर?

मग त्यांचे पाय सुजायला लागले. अंगठ्याने नडगी दाबली की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून तांदळाच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. सरदार — आमच्यावर देखरेख करणारा — म्हणायचा, सोंग करतोय. सोंग! ज्याला चूल फुंकताना धाप लागते तो कसलं सोंग करणार? शेवटी मळ्यावरच्या इस्पितळात डॉक्टर आला, तेव्हा मीच त्यांना हाताला धरून नेलं.

डॉक्टरने छातीला कान लावला. बराच वेळ. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "लेकेर फेब." काळीज कमजोर झालंय. त्याला जोर उरला नाही, म्हणून अंगात पाणी साठतं. उसात आता पाऊल टाकायचं नाही. बसून राहिला तर जगेल, राबला तर मरेल. मी तसं लिहून देतो, पुढच्या जहाजाने त्याला गावी पाठवतील. सांग त्याला.

सांग त्याला —

मी तोंड उघडायच्या आतच हे म्हणाले, "त्यांना विचार ना गं, मला जहाजात घेतील का? आयेला एकदा बघीन म्हणतो." त्यांची आई देवगडकडे वाट बघत होती.

आणि मी काय केलं? डॉक्टरकडे वळले आणि क्रेओलमध्ये म्हटलं, तो म्हणतो मला परत जायचं नाही, मी काम करणार. मग ह्यांच्याकडे वळले. "काही झालं नाही. अंगाने पाणी धरलंय. काम सोडू नका, घाम गाळा. घामावाटे पाणी उतरतं म्हणतात. जहाजाचं मग बघू." घाबरले होते का? हो. पण जीभ अडखळली नाही. डॉक्टरने ह्यांचा खांदा थोपटला, कौतुकाने. ह्यांना वाटलं, बरा होणार म्हणून थोपटतोय. दोघं एकमेकांकडे बघून हसले. मध्ये मी उभी.

ते एकटे गेले असते, मी इथेच राहिले असते — हेही सुचलं होतं मला. तेव्हाच सुचलं होतं. पण एकटी राहायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ते फावडं घेऊन गेले. वाटेत भेटेल त्याला सांगत, डॉक्टर म्हणाला, घामावाटे पाणी उतरतं. केवढा भरवसा! संध्याकाळी यायचे, भिंतीला टेकायचे, धाप ओसरली की स्वतःच नडगी दाबायचे. "बघ गं, आज खळगा कमी आहे ना?"

"कमी आहे," मी म्हणायची.

तेव्हा तरी बोलता आलं असतं. रोज आलं असतं. भाकरी वाढून द्यायची आणि तेच सांगायची — कमी आहे.

ऊसतोडीतच जीव गेला त्यांचा. तोडलेल्या मोळीला टेकून बसले होते. सरदाराला वाटलं, आळस करतोय. तो लांबून शिव्या घालत राहिला. किती वेळ घातल्या कुणास ठाऊक. मला बोलावलं तेव्हा अंग घामाने भिजलेलं होतं.

मी रडले. खरंच रडले, तेवढं खोटं नव्हतं. पण माझं ते वाक्य काही त्यांच्याबरोबर गेलं नाही. वस्तीत कुणाचे पाय सुजले की म्हणायचे, डॉक्टरने सांगितलंय, कामाला लाग. रखमाचा भाऊ तसाच उसात उतरला आणि तसाच गेला. बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, हिला विचारा, हिने कानांनी ऐकलंय. आणि मी? मान हलवायची. इतकी बोलणारी मी — मान हलवायची!

आता माझे पाय सुजलेत. अंगठ्याने दाबते, खळगा राहतो. तांदळाच्या पोत्याला टेकून झोपते, त्यांच्यासारखी. काल सकाळी रखमा आली. बिचारीला माझी काळजी. पाय बघून कळवळली आणि मग रागावलीच. "अगं चंद्रे, अशी बसून काय राहिलीस? तुझ्याच घरातलं औषध विसरलीस? ऊठ, घाम गाळ!"

घरात दोघीच होतो. भाऊ गेलेली ती, आणि मी.

"विसरलेच होते बघ," मी म्हटलं. आणि उठून फावडं घेतलं.