इंटरनेटसाठी एक रजिस्टर पत्र

आमचे बाबा पोस्टमन होते. शनिवार पेठेत तीस वर्षं टपाल वाटून पायांची वाट लागली, पण निवृत्तीनंतर स्वस्थ बसतील तर शपथ! धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, कपाटाशेजारी खुर्ची टाकून ते संविधानाचं एकेक कलम मोबाइलवर रेकॉर्ड करायचे आणि सोप्या मराठीत समजावून सांगायचे. मी आयटीत, म्हणून त्यांना छोटीशी वेबसाइट करून दिली होती. ऐकणारी बहुतेक सदाशिव पेठेत खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं. "काका, काल कलम आलं नाही, झोपलात काय?" असा मेसेज आला की बाबा दिवसभर खुशीत.

अशातच ती बातमी आली. काही कंपन्यांना ठरावीक वेबसाइट लोकांना फुकट दाखवायच्या होत्या, बाकीच्यांसाठी डेटाचे पैसे. दिल्लीच्या दूरसंचार नियामकाने लोकांची मतं मागवली होती. फुकटच्या यादीत बाबांना कोण घेणार, कपाळ! डेटा पुरवून पुरवून वापरणारी ती पोरं फुकटाकडेच वळणार आणि बाबा कपाटाशी बोलत बसणार. मला तेवढंच दिसत होतं.

नियामकाला पाठवायचा, विरोधाचा एक तयार इंग्रजी ईमेल मी त्यांच्यासमोर धरला. "खाली नाव टाका, बटण दाबा, झालं."

त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. "छान आहे. पण माझा नाही. दुसऱ्याच्या पत्रावर मी सही कशी करू?" आणि कागद घेऊन मराठीत लिहायला बसले. टपालाच्या पिशवीत वकिलाची नोटीस आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईची मनीऑर्डर शेजारी शेजारी असते, नेणाऱ्याने आपलं-परकं करायचं नसतं, असा त्यांचा मुद्दा.

मी मुद्दाम खोडी काढली. "मग स्पीड पोस्टचं काय हो? जास्त पैसे भरणाऱ्याचं पत्र आधी जातंच की!"

बाबांनी पेनाला टोपण लावलं. पत्र तसंच ठेवून जेवायला उठले. मी मनातून खूश, आज जिंकले! सकाळी तोंडात ब्रश घेऊनच ते बाहेर आले. "स्पीड पोस्टचा दर सगळ्यांना सारखा असतो! अमक्याचं पत्र फुकट आणि तमक्याला तिकीट, असं पोस्टात चालत नाही. कळलं?" फेस माझ्या लॅपटॉपवर उडाला. तो मुद्दाही पत्रात गेला.

दोन दिवसांनी विचारलं, पत्र कुठंय? "टाकलं की. रजिस्टर, पोचपावतीसह."

"अहो बाबा! इंटरनेट वाचवायचं पत्र टपालाने? त्यांनी ईमेल मागवलाय, उद्या शेवटचा दिवस!"

"मग? ज्याच्यावर विश्वास, त्याच्याच हातात देणार ना," म्हणाले आणि फिरायला निघून गेले. मी डोक्याला हात लावला.

पण जुन्या सवयीने बाबांनी कार्बन कॉपी ठेवली होती. मी ती टाइप करायला घेतली. शेवटी मला न दाखवलेला मजकूर होता. "माझ्या वडिलांना गावच्या चावडीवर बोलायची सोय नव्हती. माझी मुलगी माझ्याशी रोज भांडते आणि पुष्कळदा तिचंच बरोबर असतं. हे मी तिला सांगत नाही. पण ती बोलते, याचं मला फार सुख आहे. तेव्हा साहेब, रस्ता सगळ्यांना सारखा ठेवा."

हसूही आलं आणि रडूही. हे घरातलं सरकारला कशाला, म्हणून खोडायला बोट गेलं आणि थांबलं. पोस्टमनची पोरगी मी, दुसऱ्याच्या पत्रात ढवळाढवळ करू? जसंच्या तसं ईमेलने पाठवलं.

काही महिन्यांनी नियम आला. वेबसाइट बघून डेटाचा वेगळा दर लावायचा नाही! बाबांनी सोसायटीत पेढे वाटले, प्रत्येक मजल्यावर, जिन्याने चढून. पोचपावती कधीच आली होती. बुद्धाच्या मूर्तीशेजारच्या संविधानात ती खूण म्हणून घातलेली. "माझं पत्र पोचलं बरं का," असं ते ज्याला त्याला सांगत होते. शेवटी मला राहवेना. ईमेलचं सांगून टाकलं.

"काही खोडलं नाहीस ना?"

"नाही."

"शेवटचंसुद्धा?"

"शेवटचंसुद्धा."

बाबा लाजले. खरंच लाजले, पार कानापर्यंत. मग पोचपावतीची खूण काढून त्यांनी भाषणस्वातंत्र्याचं एकोणिसावं कलम उघडलं, मोबाइल माझ्या हातात दिला आणि कपाटाशेजारची आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"आज तू वाच."