काचपेटीला भोक पाडताना

माशांच्या काचपेट्यांना भोकं पाडून देणाऱ्या म्हणून त्या गल्लीभर काचवाल्या काकू. खरं तर हे काम काकांचं. पण त्यांच्या हातांना कंप सुटला, एक भलीमोठी पेटी हातून तडकली, आणि तेव्हापासून ते माडीवरून खाली उतरेनात. काकूंनी मुकाट्यानं ड्रिल हाती घेतलं. हळूहळू हात बसला.

एका दुपारी एक शिक्षिका शाळेची पेटी ठेवून गेली. पाण्याची नळी जायला मागच्या काचेला भोक हवं होतं. काकूंनी पेटी पालथी निजवली, आतून चिकटपट्टी लावली. आता ड्रिल चालताना काचेवर पाणी पडत राहायला हवं, नाहीतर काच तापून तडा जायचा. नेहमी काकू भोकाच्या जागेभोवती पुट्टीचं आळं करून पाणी साठवत. आज पुट्टीच संपलेली.

"अहो, जरा खाली येता?"

वरून काकांचा आवाज आला, "माझे हात बघतेस ना?"

"पाणीच तर घालायचंय. सांडलं तर सांडू दे."

जिना करकरला. काकांनी झारी उचलली. हात थरथरत होता, पाणी वाकडंतिकडं पडत होतं, पण पडत होतं.

काकूंनी हिऱ्याच्या कणीचं पोकळ, नळीसारखं पातं तिरकं टेकवलं, खाच पडल्यावर सरळ केलं. घरघर सुरू झाली. काचेची पूड पाण्यात मिसळून दुधाळ ओघळ निघाले. खिडकीतलं ऊन त्यांत उतरलं, भिंतीवर हलू लागलं. काकूंना वाटलं, आपण दोघं कुठल्याशा तळ्याच्या तळाशी बसलोय, वरचं जग लांब गेलंय. लग्न नवं होतं तेव्हा असंच जवळ बसवून काका म्हणायचे, ऐक, काच गुणगुणतेय. तेव्हा काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. त्या आपल्या त्यांच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

"हळू," काका म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. "आरपार आलंच."

काकूंना भान आलं. त्यांनी हाताचा भार काढून घेतला. आवाज बारीक झाला आणि काचेची चकती अलगद सुटून चिकटपट्टीवर राहिली. कडेला टवकासुद्धा उडाला नव्हता.

काकांच्या पायजम्याचं पार पोतेरं झालं होतं. काकू हसू लागल्या, तसे तेही हसले.

"वर जाऊन बदला आधी."

"जातो गं," म्हणाले, आणि स्टूल ओढून तिथंच बसले.