कंडक्टरभाऊंची हरकत

कंडक्टरभाऊ कोणाशीही बोलताना आभाळाकडे पाहत. नवख्या माणसाला वाटे, हे गृहस्थ फारच आध्यात्मिक दिसतात. अध्यात्माचा काही संबंध नव्हता. तोंडात खर्रा होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो ऐवज गालात असला, की हनुवटी वर ठेवूनच बोलावं लागतं. नाहीतर शब्दाआधी रस बाहेर येतो. आमच्या गडचिरोलीकडे अशा वर गेलेल्या हनुवट्या पुष्कळ. पण भाऊंइतकी उंच गेलेली मी पाहिली नाही.

मी त्यांच्याच बसने चामोर्शीच्या शाळेत जायची. भाऊंच्या तोंडून सगळ्या गावांची नावं सारखीच निघत. ‘चामोर्शी’ म्हणजे ‘ऊंऊंशी’ आणि ‘आष्टी’ म्हणजे ‘ऊंष्टी’. रोजच्या लोकांना सुरावरून कळे. एकदा अहेरीच्या बाजाराला निघालेल्या म्हातारबाने वैतागून विचारलं, की नेमकं कोणतं गाव आलं म्हणता? भाऊंनी खिडकीतून मान बाहेर काढून तोंड मोकळं केलं आणि म्हणाले, “समजणाऱ्याले समजते. नाई समजत त्याले मी हात धरून उतरवून देतो.” आणि खरंच उतरवून देत, गाठोड्यासकट. त्यांच्या खिडकीखालचा बसचा पत्रा बाकीच्या बसपेक्षा जरा जास्त लाल असे. त्यावर त्यांचं म्हणणं, लाल गाडीले लालच शोभते.

या खर्र्याने त्यांचं एकदा भलंही केलं. मुलीला पाहायला राजुऱ्याचे पाहुणे आले होते. पाहुण्यांनी देणंघेणं, शिक्षण, शेती असं काय काय विचारलं. उठून थुंकायला जाणं बरं दिसेना, म्हणून भाऊ प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून नुसतं “हूं” म्हणत राहिले. पाहुण्यांना वाटलं, किती विचारी, तोलूनमापून बोलणारा माणूस. सोयरीक तिथंच ठरली. जावई पुढे कितीतरी दिवस सासऱ्यांना घाबरून होता.

शकूबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मात्र मुळीच प्रभावित नव्हत्या. आमची घरं शेजारी. कुंपणापलीकडून त्या मला म्हणत, “मी या मानसाचा चेहरा लग्नात पाह्यला. तवापासून हनुवटीच पाहून राह्यली.” त्या पुड्या लपवत, भाऊ पानठेल्यावरून नव्या आणत. निवृत्तीनंतर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की उघड्या तोंडात तीन बोटं उभी मावली पाहिजेत, तुमची दोनसुद्धा जात नाहीत, आता तरी सोडा. भाऊ घरी येऊन म्हणाले, “घास जाते ना? मंग बोटं काऊन घालू?” शकूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. भाऊ जेवले, पण भात कालवून मऊ करून. भाकरी तोंडात शिरेनाशी होऊन बरेच दिवस झाले होते.

अशात आमच्या नगर पंचायतीने आरोग्याची नवी नियमावली काढली. रस्त्यावर आणि भिंतींवर थुंकणाऱ्याला दंड, शाळेजवळचे पानठेले हलवणार, आठवडी बाजारात खायचे पदार्थ झाकून विकायचे. कोणाची हरकत असेल तर जनसुनावणीत येऊन मांडावी, असं जाहीर झालं. गावात कोणी ते मनावर घेतलं नाही. भाऊंनी घेतलं. हा नियम आपल्या एकट्यासाठीच केला आहे, अशी त्यांची खात्री होती. ठेलेवाल्यांना गोळा करून त्यांनी त्यांचं पुढारीपण घेतलं आणि माझ्याकडून हरकत लिहून घेतली, कारण मी आता शाळेत शिकवत होते आणि माझं अक्षर बरं होतं. थुंकणं ही माणसाची नैसर्गिक गरज आहे, असं पहिलंच वाक्य होतं. मी हसले, तर म्हणाले, “तू लिही पोरी. बोलाचं मी पाहून घेतो.”

सुनावणीला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. बोलायचं म्हणून आज तोंड रिकामं ठेवायचं, असं त्यांनी मला कबूल केलं होतं. पण सभागृहात माणसं पाहून छातीत धडधडलं, आणि धडधडलं की खर्रा. मुख्याधिकारी मॅडमनी त्यांचं नाव पुकारलं तेव्हा गाल भरलेला होता. भाऊ माइकसमोर उभे राहिले, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, “ऊंऊं.” मॅडम म्हणाल्या, बोला ना. भाऊंनी बोटाने दाराकडे खूण केली आणि बाहेर पडले. सभागृह हसायला लागलं. ते परत येणार नाहीत या भीतीने मी मागोमाग गेले.

इमारतीच्या मागे जिन्याखालचा कोपरा वर्षानुवर्षांच्या थुंकीने रंगलेला होता. तिथं लताबाई बादली आणि घासणी घेऊन उकिडव्या बसून भिंत धूत होत्या. आमच्याच मोहल्ल्यातल्या, त्यांची मुलगी माझ्या वर्गात. हात उघडे, कोपरापर्यंत लाल. भाऊंना पाहून त्या उठल्या, बादली बाजूला ओढली आणि जागा करून दिली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. म्हणाल्या, “थुका भाऊ. अजून धुवाचंच हाये.”

भाऊ भिंतीपुढे उभे राहिले. थुंकता येईना. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडातलं सगळं त्यात घेतलं, गाठ मारली आणि ती गाठ शर्टाच्या खिशात ठेवली.

परत येऊन त्यांनी पुन्हा माइक मागितला. तोवर मी त्यांचा इतका मोकळा आवाज कधी ऐकलाच नव्हता. खणखणीत होता. “लिहून आनलेलं राहू द्या,” ते म्हणाले. “साऱ्या नोकरीत मी खिडकीतून थुकलो, गाडी कोन धुते हे पाह्यलं नाई. आज पाह्यलं. दंड लावा, पहिली पावती माझी फाडा. पन त्या पैशातून भिंती रंगवू नका. धुनाऱ्या बायांले हातमोजे द्या, बूट द्या.” ते बोलत असताना पांढऱ्या खिशावर लाल डाग पसरत चालला होता. आता कोणी हसत नव्हतं. मागून एक ठेलेवाला मात्र म्हणाला, “भाऊ, तुमी आमच्याकडून आले होते ना जी?” भाऊ म्हणाले, “आलो होतो बाप्पा. माफ कर.”

ठेलेवाल्यांनी माफ केलं नाही. गद्दार माणसाला खर्रा द्यायचा नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. शकूबाईंच्या मायेला आणि डॉक्टरांच्या बोटांना जे जमलं नाही, ते ठेलेवाल्यांच्या रागाने केलं. महिनाभर भाऊ बडीशेप चावत चिडचिड करत फिरले, आणि खर्रा सुटला. नियम लागू झाले. लोक अजूनही थुंकतात, थोडं इकडंतिकडं बघून. हातमोजे आले, बूट उशिरा आले. भाऊंचं तोंड काही फारसं उघडलं नाही, पण आणखी मिटलंही नाही.

तेवढ्याशा फटीतून भाऊ मग जे बोलायला लागले, ते थांबेचनात. बसमधले किस्से, गावांची नावं, सोयऱ्यांच्या कुंडल्या. शकूबाई कुंपणापाशी येऊन म्हणायच्या, खर्रा होता तवा घरात शांती होती बाई.

पुढे ते दोघं मुलीकडे राजुऱ्याला राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात शकूबाईंचा फोन आला. भाऊ गेले होते. दुखणं नाही, खुपणं नाही. सकाळी चहा पिताना. “बोलता बोलताच गेले,” त्या म्हणाल्या.

काय बोलत होते, मी विचारलं.

“काय की,” त्या म्हणाल्या, “मी आयकतच नव्हती. मले वाटलं, बोलतच राह्यतीन.”