कॉफीच्या मशीनला मागाचं तेल

वडगावच्या आमच्या घरातले यंत्रमाग विकले, त्याच वर्षी मी बंगळुरूहून घरी राहून काम करायला आले, आणि येताना कॉफीचं मशीन घेऊन आले. कडक एस्प्रेसो काढणारं, कट्ट्यावरची अर्धी जागा खाणारं. आई म्हणाली, "एवढ्याशा घोटभर कॉफीला एवढं धूड?" माझे वडील, आप्पा, माग गेल्यापासून बोलणंच विसरले होते.

पण मशीनकडं त्यांचं लक्ष होतं. दूध फेसाळलं की वाफेच्या नळीवर दूध वाळून बसायचं, आणि मीटिंगच्या घाईत मी ते तसंच टाकून जायची. दुपारी बघावं तर नळी लख्ख. हँडलमधला चोथा काढलेला, खालचा ट्रे धुऊन पालथा घातलेला. उभा जन्म साड्या विणलेला माणूस, यंत्र पुसल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. मला काय, आयतं साफ मशीन कुणाला नको?

एका सोमवारी पहिला घोट घेतला आणि थुंकलाच. तोंडभर मागाचा वास. हँडल बसतं त्या कड्याला, आतल्या जाळीच्या स्क्रूला, जिथं जिथं काही फिरतं तिथं आप्पांनी मागाचं तेल घातलं होतं.

"घट्ट फिरत हुतं," ते म्हणाले. "तेलाबिगर मशीन रडतंय गं."

माझं डोकं लगेच फिरतं, ही जुनी खोड. "ह्यो काय माग वाटला व्हय तुम्हाला? परत हात लावायचा न्हाय ह्याला," मी ओरडले. आप्पांनी तेलाची बाटली उचलली, आणि मोरीत जाऊन लई वेळ साबणानं हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते पाणी प्यायलासुद्धा स्वयंपाकघरात येईनात. बाहेरच्या सोप्यात बसून नुसते गुडघे चोळायचे. आईनं भाकरी थापता थापता मला सुनावलं, "माग गेल्यावर त्यांच्या हाताला एवढंच काम हुतं. तेबी काढून घेतलंस. एवढं शिकून काय उपेग?"

चूक कळली होती. पण आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. दुसऱ्याच्या ताटात एक भाकरी जास्त वाढायची, की झालं. मी वाढली, त्यांनी ती तशीच ठेवली. मग मी मशीनच मुद्दाम घाण ठेवलं. म्हटलं, यंत्राची ही दशा त्यांना बघवायची नाही. तीन दिवसांत नळीवर दुधाची खपली धरली. आप्पा दारापर्यंत आले, बघितलं आणि परत फिरले.

चौथ्या दिवशी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "आप्पा, मला न्हाय जमत. तुम्ही या."

आले. मी जाळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली, तिच्यावरचा काळा चिकट थर दाखवला. "हे कॉफीच्याच बियांचं तेल. मागाला तेल घालायचं असतं, इथं रोज काढायचं असतं. न्हायतर कॉफी खवट होते." त्यांनी तो थर अंगठ्यानं घासून बघितला, वास घेतला.

"म्हणजे उलटं काम," ते म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले. "मग आधीच सांगायचं न्हाईस व्हय?"

सांगायला हवंच होतं. मी त्यांच्यापाशी दोन मिनिटं बसलेच नव्हते.

आता सगळं त्यांच्याकडंच आहे. हँडलमध्ये बिनभोकाची वाटी बसवायची, धुण्याची पूड घालायची, आतून पाणी फिरवून धुवायचं, हे ते माझ्यापेक्षा नीट करतात. फक्त रोज सकाळी ओलं फडकं घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी येतात, माझी मीटिंग संपेपर्यंत उभे राहतात आणि विचारतात, "पुसू का गं?" विचारू नका म्हणून मी कितीदा सांगितलं. ते मान डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन विचारतात.