गुळवेलीचा काढा

परवा तलासरीच्या बसमध्ये शेजारच्या बाईच्या पिशवीतून ओल्या गुळवेलीचा कडवट वास आला आणि मला आईचे ते आठ दिवस आठवले. आई डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायची. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून तिच्या मांड्या इतक्या दुखत, की खाली बसली की उठताना तिला माझा हात लागे. डॉक्टरांना दाखवू, असं तीच म्हणत होती, पण कैनाडची मामी गुळवेल घेऊन आली आणि म्हणाली, "गोळी सोडू नको, हा काढा मांस राखतो." मोबाइलवर मीही तसंच काहीतरी वाचलेलं, म्हणून आईला म्हटलं, "थोडे दिवस घेऊन तर बघ." रोज सकाळी मी काढा उकळायचे, ती डोळे मिटून प्यायची आणि मी तिच्या चालण्याकडे बघत राहायचे. आठव्या दिवशी ती मोरीतून भिंत धरतच बाहेर आली. "लघवी कोऱ्या चहासारखी झालीय गं," ती हळूच म्हणाली. रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी गोळी तिथेच बंद केली, सलाईन लावलं आणि विचारलं, "स्नायूंना इजा झालीय, किडनीवर गेलं असतं. आधी का नाही आलात?" मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "मीच नको म्हटलं. ही रोज चल म्हणत होती." महिन्याभरात ती नीट चालायला लागली. आजही मी रोज फोनवर विचारते, "पाय दुखत नाहीत ना?" ती चटकन "नाही" म्हणते, पण माझ्यासाठी ती किती सहज खोटं बोलते हे मला माहीत आहे, म्हणून मी पुन्हा विचारते.