आबांची खुर्ची आणि खालचं बिऱ्हाड

किनाऱ्यावर खुर्च्या भाड्याने देणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. फुगेवाला म्हणे, पोलीस म्हणे, एकदा नवऱ्याचे सख्खे काकाही चुकून वहिनी म्हणून गेले आणि मग तेच कायम झालं.

सकाळी कापडी खुर्च्या मांडायच्या, संध्याकाळी मिटायच्या. यात वहिनींना खालची वाळू तळहातासारखी पाठ झाली होती, आणि तो तळहात दर वर्षी लहान होत होता. पलीकडे बंदरासाठी लांबलचक बांध घातला, तेव्हापासून इकडची वाळू वाहून जायची ती परत यायचं नावच घेत नव्हती. पूर्वी पाच रांगा ऐसपैस लागत. आता दुसरी रांग मांडतानाच खुर्चीचे मागचे पाय रस्त्याच्या कठड्याला टेकत.

हे एकाच माणसाला मान्य नव्हतं. सासरे, म्हणजे आबा. धंदा त्यांनीच सुरू केलेला. त्यांची स्वतःची खुर्ची तरुणपणी ठरवलेल्या जागीच लागे. ती जागा एके काळी किनाऱ्याच्या मधोमध होती. आता तिथे बसलेले आबा समुद्राची सभा बोलावलेल्या अध्यक्षांसारखे दिसत.

"आबा, पाणी पुढे आलंय हो."

"पाणी आहे तिथेच आहे. तुम्ही लोक मागे सरकताय!"

आबांच्या आसपास कुणी फिरकत नसे. फिरकलंच, तर त्याला किनाऱ्याचा इतिहास पहिल्यापासून ऐकावा लागे. भटकी कुत्रीसुद्धा लांबून वळसा घालत. ही शांतता चिखल्या पक्ष्याच्या एका मादीने बरोबर हेरली. मूठभर जीव, काडीसारखे पाय, आणि धावताना पायांना चाकं लावल्यागत. तिने थेट आबांच्या खुर्चीखाली वाळूत खळगा केला आणि तीन ठिपकेदार अंडी घातली. वर आबांचं घोरणं, खाली हिचा संसार.

वहिनींनी तिचं नाव 'बाळंतीण' ठेवलं. घरात स्वतःचा चहा उकळून भांड्याबाहेर जाई, पण बाळंतिणीजवळ कावळा उतरला की वहिनी टॉवेल फिरवत हजर.

एका सकाळी त्यांनी वाकून कान दिला, तर अंड्याच्या आतून बारीक चिवचिव! म्हणजे आज-उद्या पिल्लं बाहेर. आणि आज संध्याकाळीच उधाण. आबांची जागा पाण्याखाली जाणार हे वहिनींना स्वच्छ दिसत होतं.

"आबा, आजच्या दिवस खुर्ची वर घेऊ."

"अजिबात नाही. ती पाखरीण शहाणी आहे. जागा बघूनच उतरलीय."

जेवून आबा झोपले. वहिनींनी नवऱ्याला खूण केली, शिट्टीवाल्या जीवरक्षकाला हाक मारली.

"घरटं हातभर वर, मग खुर्ची हातभर वर. असं करत कठड्यापर्यंत."

"आणि आबा?" नवऱ्याने विचारलं.

"आबा खुर्चीतच. ती घोरण्याला सरावलीय. आबांशिवाय यायची नाही."

वहिनींनी ओंजळीत वाळूसकट अंडी उचलली मात्र, बाळंतीण एक पंख मोडल्यासारखा फरफटवत लंगडत निघाली. नवरा बिचारा हळवा. "अगं, हिला लागलंय!" म्हणत रुमाल काढून तिच्यामागे धावला.

"अहो, नाटक आहे ते! आपल्याला लांब न्यायला! या इकडे, सासरे धरा!"

तो परतेपर्यंत ती टुणकन सरळ झाली होती. खुर्ची हातभर वर ठेवली, तिघे दूर झाले. बाळंतीण जुन्या जागी गेली, रिकामी वाळू बघितली, मान वाकडी केली. तेवढ्यात आबा दणकून घोरले. ती तुरुतुरु धावत आली आणि बसली! जीवरक्षकाला आनंदाने शिट्टी वाजवायची होती. वहिनींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

मग काय, दुपारभर वरात निघाली. ओंजळ, खुर्ची, लंगडणं, घोरणं. एकदा नवऱ्याला हसू फुटलं, खुर्ची कलंडली, आबा झोपेत "पुढच्या स्टॉपला उतरतो" म्हणाले आणि परत गाढ.

कठडा गाठला तेव्हा तिघांच्या कंबरा मोडल्या होत्या. आबांनी डोळे उघडले. समोर चिक्कार वाळू, लांबवर समुद्र.

"बघा!" ते ओरडले. "समुद्र आहे तिथेच आहे का नाही? मी काय सांगत होतो?"

तिघांनी ओठ दातांत धरले. सोडले असते तर हसून लोळावं लागलं असतं. तेवढ्यात उधाणाची लाट आली, जिथे आबा इतकी वर्षं बसत तिथवर चढली, आणि त्यांनी तिथे विसरलेली चप्पल उचलून घेऊन गेली. आबा चपलेकडे बघत राहिले. मग पायांकडे. मग पाठीमागच्या कठड्याकडे.

"मला उचललंत?"

"हो, आबा."

"कुणाला विचारून?" म्हणत ते उठायला गेले, आणि वहिनी किंचाळल्या, "हलू नका!"

खुर्चीखालून एक ओला, डुगडुगता कापूसगोळा बाहेर डोकावत होता.

आबांनी दोन्ही पाय अलगद वर घेतले. "किती आहेत?"

"एक झालं. दोन व्हायचीत."

"मी बसू किती वेळ?"

"पिल्लं पळायला लागेपर्यंत."

"अगं, पण मला बाथरूमला..."

"आबा!"

आबांनी दात आवळले, गुडघे छातीशी धरले आणि पुढे चढून येणाऱ्या लाटेवर डोळे वटारले. "तिथेच थांब! इथे लहान मुलं आहेत!"